फोनमधला आवाज बदलायचाय? आधी कुठला, ते ठरवा

"फोनमधली ती बाई फार भरभर बोलते, तिला जरा बदल" अशी फर्माईश आता घरोघरी होते. घरातलं तरुण कुणीतरी सेटिंग्जमध्ये शिरतं, दोन-चार आवाज वाजवून बघतं, एक निवडतं आणि मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी तक्रार जशीच्या तशी. कारण आवाज बदललेला असतो असिस्टंटचा, आणि आईला त्रास होत असतो बातम्या वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा. ते दोघे वेगळे आहेत, त्यांच्या सेटिंग्जही वेगळ्या आहेत, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

बोलणारं कोण हे ओळखायची खूण अशी. तुम्ही काही विचारल्यावर उत्तर देतो तो असिस्टंट: सिरी, गूगल असिस्टंट, जेमिनी, अलेक्सा. मजकूर निवडून 'वाच' म्हटल्यावर जो वाचतो, किंवा रिंग वाजताना कुणाचा फोन आहे ते बोलून सांगतो, तो टेक्स्ट-टू-स्पीचचा आवाज. स्क्रीनवर बोट टेकेल तिथलं नाव घेत सुटतो तो स्क्रीन रीडर, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर. आणि गाडी चालवताना डावी-उजवी सांगणारा तो नकाशाचा. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा टेक्स्ट-टू-स्पीचचाच आवाज उसना घेतो, त्यामुळे तिथे एक बदलला की दुसरा आपसूक बदलतो. असिस्टंट मात्र या सगळ्यांपासून फटकून असतो.

दुसरी गोष्ट, क्रम. आधी भाषा, मग उच्चारांची ढब, मग आवाज, आणि शेवटी वेग. बहुतेक लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात. गोड आवाज शोधत बसतात आणि तो आवाज 'शिवाजीनगर'चं भलतंच काही करतो तेव्हा वैतागतात. भाषा आणि ढब बरोबर असेल तर साधा आवाजही चालून जातो. ती चुकली असेल तर कुठलाच आवाज सुखाचा वाटत नाही.

मराठीचं काय?

गूगल असिस्टंट २०१८च्या ऑगस्टमध्ये मराठी बोलू लागला. जेमिनीचं अ‍ॅप भारतात आलं ते जून २०२४ मध्ये, मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने जेमिनी लाइव्हसाठी, म्हणजे त्याच्याशी बोलून गप्पा मारायच्या सोयीसाठीही, हिंदीबरोबर मराठी आणि इतर भारतीय भाषा जाहीर केल्या. सिरीच्या भाषांच्या यादीत स्वतंत्र मराठी नाही. आयओएस १८ पासून भारतात इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं तिला समजतं, एवढंच. अलेक्सा भारतात इंग्रजी आणि हिंदी बोलते. हिंदी ती २०१९च्या सप्टेंबरमध्ये शिकली, मराठी अजून नाही.

म्हणजे असिस्टंटने अस्खलित मराठीत उत्तरं द्यावीत अशी अपेक्षा असेल, तर आजच्या घडीला गूगलकडेच जावं लागतं. पण मराठी मजकूर वाचून घ्यायचा असेल तर आयफोन, अँड्रॉइड, विंडोजचा कॉम्प्युटर, सगळीकडे सोय आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अँड्रॉइडवर मराठी वाचणारा आवाज

सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधपट्टीत 'टेक्स्ट टू स्पीच' टाइप करा. हा शोधण्याचा रस्ता सगळ्यात भरवशाचा, कारण प्रत्येक कंपनी ही सेटिंग वेगळ्या जागी दडवते. साध्या अँड्रॉइडवर ती 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त असते, सॅमसंगवर 'जनरल मॅनेजमेंट'मध्ये. तिथे पोचल्यावर:

१. 'प्रिफर्ड इंजिन' म्हणून 'स्पीच सर्व्हिसेस बाय गूगल' निवडलेलं आहे ना, बघा. सॅमसंगच्या फोनवर कंपनीचं स्वतःचं इंजिनही असतं. मराठीसाठी गूगलचं घ्या. यादीत ते दिसत नसेल तर प्ले स्टोअरवरून अपडेट करा.

२. इंजिनच्या नावाशेजारचं दातेरी चक्र दाबा आणि 'इन्स्टॉल व्हॉइस डेटा'मध्ये जा. भाषांची लांबलचक यादी येईल, त्यात 'मराठी (भारत)' शोधा.

३. आत गेल्यावर आवाज नावाने नाहीत, आकड्यांनी दिसतात. एकेकावर टिचकी मारली की नमुना ऐकू येतो. आवडलेला आवाज डाउनलोड करून घ्या. न उतरवलेला आवाज इंटरनेट असेल तेव्हाच नीट चालतो, आणि गावाकडे रेंज गेली की नेमका बातमीच्या मध्यात गप्प होतो.

४. मागे येऊन 'लँग्वेज' मराठी करा. इथे बहुतेक फोनांवर 'यूज सिस्टम लँग्वेज' असतं. म्हणजे फोनचे मेनू इंग्रजीत असतील तर वाचणाराही इंग्रजी, आणि देवनागरी मजकूर पुढे आला की तो गडबडतो किंवा मौन धरतो. 'फोनला मराठी वाचता येत नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

५. 'स्पीच रेट' (बोलण्याचा वेग) आणि 'पिच' (आवाजाची उंची) या दोन पट्ट्या खाली आहेत. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं बोलू.

आता वाचायला लावायचं कसं? 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू करा. स्क्रीनच्या कडेला छोटं बटण येतं. ते दाबायचं, मग जो परिच्छेद ऐकायचा त्यावर बोट टेकवायचं. बातमीचं पान, व्हॉट्सअ‍ॅपचा लांबलचक निरोप, सगळं वाचलं जातं. चष्मा सापडत नसला की याच्यासारखी सोय नाही.

एक खबरदारी: त्याच पानावर 'टॉकबॅक' असतं, ते उत्सुकतेपोटी सुरू करू नका. ते दृष्टिहीन माणसांसाठी आहे आणि सुरू झालं की फोन वापरायची रीतच बदलते. एका टिचकीने फक्त नाव ऐकू येतं, काम व्हायला दोनदा टिचकी लागते, पान सरकवायला दोन बोटं लागतात. चुकून सुरू झालंच तर दोन्ही व्हॉल्यूमची बटणं एकदम काही सेकंद दाबून धरा. बहुतेक फोनांवर त्याने ते बंद होतं.

आवाजाची परीक्षा

नमुना म्हणून फोन जे वाक्य ऐकवतो ते गुळगुळीत असतं, त्यात कुठलाच आवाज नापास होत नाही. परीक्षा घ्यायची तर अडचणीचं वाक्य द्या. उदाहरणार्थ हे स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि वाचायला लावा:

"डॉ. जोशी २५ तारखेला सकाळी ९.३० वाजता चाळीतल्या जुन्या विहिरीजवळ चमचाभर चहापूड घेऊन उभे होते."

वाक्य वेडपट आहे, पण त्यात मराठीची बरीच गोम आहे. आपल्याकडे च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दाखवायची सोय नाही. 'चहा'तला च वेगळा, 'चमचा'तला वेगळा. 'चाळ', 'जुन्या', 'जवळ', 'वाजता' यांतले च-ज दातांशी येतात. मराठीवर बेतलेला आवाज यातले बरेचसे बरोबर काढतो. हिंदीचा आवाज सगळे एकाच साच्यात काढतो, आणि मग 'जवळ'सारखा रोजचा शब्दही परका वाटायला लागतो. 'चाळ' आणि 'जवळ' यांत ळची परीक्षा होते. 'डॉ.' हे 'डॉक्टर' असं वाचतो की 'डॉ' म्हणून थांबतो, हे बघा. ९.३० वाजता हे 'साडेनऊ', 'नऊ तीस' की 'नऊ पॉइंट तीन शून्य', यावरूनही बरंच कळतं.

पण सगळ्यात खात्रीची खूण आकड्याची. लिपी एकच असल्यामुळे हिंदी आवाजाला मराठी मजकूर दिला तर तो तक्रार न करता वाचत सुटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मराठी जरा अडखळतंय. २५ आलं आणि 'पच्चीस' ऐकू आलं की समजावं, समोर मराठीचा आवाज नाहीच, भाषेच्या सेटिंगमध्ये हिंदी राहून गेली आहे. 'पंचवीस' ऐकू येईपर्यंत वरच्या चौथ्या पायरीवर परत जायचं.

परक्या ढबीचे इंग्रजी आवाज आपली नावं तोडत-मोडत का घेतात, याचं एक कारण जुनं आहे. सिरीचा पहिला अमेरिकन आवाज सुझन बेनेट या कलाकाराचा. तिने २००५च्या जुलैमध्ये रोज तासन्‌तास निरर्थक वाटणारी वाक्यं ध्वनिमुद्रित करून दिली होती; ती कशासाठी हे तिला माहीत नव्हतं. त्या ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे करून, हवे तसे जोडून नवी वाक्यं तयार व्हायची. तुकड्यांत जे नाही ते नावात आलं की सांधा ऐकू यायचा. २०१६ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कंपनीने वेव्हनेट आणलं. त्यात तुकडे जोडणं नव्हतं. ध्वनीची लहर यंत्र स्वतःच क्षणाक्षणाने घडवायचं. सुरुवातीला ते इतकं सावकाश चालायचं की रोजच्या वापराला निरुपयोगी होतं. वर्षभरात ते हजारपट वेगवान झालं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगल असिस्टंटमध्ये आलं, तेही आधी अमेरिकन इंग्रजी आणि जपानीसाठी. आपल्या भाषांची पाळी नंतर. यंत्राची रीत बदलली तरी ते शिकतं ऐकवलेल्या बोलण्यावरूनच, म्हणून ढबीची निवड आजही महत्त्वाची.

आयफोन: सिरी एकीकडे, अनन्या दुसरीकडे

सिरीचा आवाज बदलायला सेटिंग्जमध्ये सिरीचं पान उघडा. जुन्या फोनांवर त्याचं नाव 'सिरी अँड सर्च', नव्यांवर 'अ‍ॅपल इंटेलिजन्स अँड सिरी'. त्यात 'सिरी व्हॉइस' किंवा नुसतं 'व्हॉइस'. वरच्या भागात ढब निवडायची: अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, भारतीय, आयरिश, दक्षिण आफ्रिकन. खाली त्या ढबीतले आवाज 'व्हॉइस १', 'व्हॉइस २' असे. पुरुष-स्त्री असा शिक्का मुद्दाम काढला आहे. २०११ मध्ये सिरी आली तेव्हा अमेरिकेत बाईचा आणि ब्रिटनमध्ये पुरुषाचा आवाज ठरवून दिलेला होता. निवड २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आली. २०२१च्या आयओएस १४.५ पासून इंग्रजीत आधीच ठरलेला स्त्रीचा आवाज गेला आणि फोन सुरू करतानाच विचारणा होऊ लागली. हे एकदम झालेलं नाही. मुकाट्याने हुकूम ऐकणारी यंत्रं बाईच्याच आवाजात का, यावर २०१९ मध्ये युनेस्कोच्या अहवालानेही बोट ठेवलं होतं.

इथे एक बारकावा परदेशातल्या मंडळींना उपयोगी पडेल. सिरीची 'लँग्वेज' आणि 'व्हॉइस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा ठरवते तिला काय समजेल ते. आवाज ठरवतो ती कशी ऐकू येईल ते. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलांसाठी भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवून आवाज भारतीय करता येतो. त्यांच्याकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांच्या फोनवर मात्र भाषाही भारतीय इंग्रजी करा, नाहीतर त्यांचं बोलणं तिला कळणार नाही. भाषा बदलल्यावर 'हे सिरी'साठी आवाजाची ओळख पुन्हा करून द्यावी लागू शकते. नवा आवाज वाय-फायवर उतरतो, तोवर जुनाच ऐकू येतो, म्हणून बदल झाला नाही असं समजून पुन्हापुन्हा टिचक्या मारू नका.

एअरपॉड आणि कारप्ले फोनचाच आवाज वापरतात. अ‍ॅपलच्या घड्याळाला मात्र स्वतःची सिरी सेटिंग आहे, आणि होमपॉड या स्पीकरचा आवाज 'होम' अ‍ॅपमधून बदलतो.

आता मराठी. आयफोनवर मराठी वाचणाऱ्या आवाजाचं नाव अनन्या. सेटिंग्ज, 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', मग 'स्पोकन कंटेंट' (अगदी नव्या आवृत्तीत 'रीड अँड स्पीक'), तिथे 'व्हॉइसेस', मग मराठी. अनन्याला उतरवून घ्या. त्याच पानावर 'स्पीक सिलेक्शन' आणि 'स्पीक स्क्रीन' सुरू करा. पहिल्याने निवडलेला मजकूर वाचला जातो. दुसऱ्याने वरच्या कडेवरून दोन बोटं खाली ओढली की अख्खं पान. व्हॉइसओव्हर वापरणाऱ्यांनी तिथल्या 'स्पीच'मध्ये जाऊन रोटरमध्ये मराठी घालावी, म्हणजे दोन बोटं स्क्रीनवर गोल फिरवून इंग्रजी-मराठी अशी उडी मारता येते. दोन्ही भाषांत निरोप येणाऱ्या माणसाला दर वेळी सेटिंग्जमध्ये जाणं जमत नाही.

आणखी दोन गोष्टी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'तल्या 'सिरी'च्या पानावर लपलेल्या आहेत. एक, सिरीच्या बोलण्याचा वेग, नेहमीच्या ०.८ पटीपासून दुपटीपर्यंत. दुसरी 'पॉज टाइम', म्हणजे तुमचं बोलणं संपलं असं समजायला तिने किती थांबावं. ज्येष्ठांच्या फोनवर हा अवधी वाढवून ठेवा. "अगं ते... काय म्हणतात..." एवढं होईपर्यंत ती उत्तर देऊन मोकळी होते, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच वापरता येत नाही.

गूगल असिस्टंट आणि जेमिनी

फोनवर यांपैकी कोण आहे ते आधी बघा, कारण गूगल फोनवरच्या असिस्टंटची जागा जेमिनीला देत आहे आणि दोघांच्या सेटिंग्ज वेगळ्या आहेत. पॉवरचं बटण दाबून धरा किंवा खालच्या कोपऱ्यातून बोट आत ओढा. जो उगवेल तो तुमचा.

असिस्टंट असेल तर गूगल अ‍ॅपमध्ये तुमच्या फोटोवर टिचकी मारा, 'सेटिंग्ज', मग 'गूगल असिस्टंट'. आधी 'लँग्वेजेस'मध्ये मराठी पहिली ठेवा. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी चालते. मग 'असिस्टंट व्हॉइस अँड साउंड्स'. आवाजांना नावं नाहीत, रंगीत गोल आहेत. रंगावरून पुरुष की बाई हे कळू नये असाच हेतू आहे. इंग्रजीत रंगांची चांगली रांग असते, भारतीय भाषांत निवड तुटपुंजी. मराठी निवडल्यावर रंग कमी दिसले तर फोन बिघडलेला नाही.

जेमिनी असेल तर त्याच्या अ‍ॅपमध्ये फोटोवर टिचकी, 'सेटिंग्ज', मग त्याच्या आवाजाचा पर्याय. इथे दहा आवाज आहेत आणि बहुतेकांची नावं आकाशातली. ग्रहतारे बघणाऱ्यांना वेगा आणि कपेला म्हणजे आपले अभिजित आणि ब्रह्महृदय भेटल्याचा आनंद होईल. नावांवरून काही कळत नाही, एकेक ऐकूनच निवडावं लागतं. आणि नमुना इंग्रजीत ऐकून भुलू नका. निवडल्यावर लगेच मराठीत काहीतरी विचारा, घरचा पत्ता बोलून दाखवायला सांगा. इंग्रजीत भारदस्त वाटणारा आवाज मराठीत कसा लागतो हे तेव्हाच कळतं.

घरातला गूगलचा स्पीकर 'गूगल होम' अ‍ॅपमधून बदलायचा. फोनवर मराठी चालते म्हणून स्पीकरवरही चालेल असं धरून तो विकत घेऊ नका. मराठीसाठीच घ्यायचा असेल तर दुकानात चालू करून, मराठीत बोलून बघा.

अलेक्सा, आणि बच्चनसाहेबांचा धडा

अलेक्साचं काम सोपं. "अलेक्सा, चेंज युअर व्हॉइस" म्हटलं तरी बऱ्याचदा भागतं. नाहीतर अलेक्सा अ‍ॅपमध्ये 'डिव्हायसेस', त्यात तुमचा एको (म्हणजे अलेक्साचा स्पीकर), त्याची सेटिंग्ज, मग 'अलेक्साज व्हॉइस'. प्रत्येक एकोचा आवाज वेगवेगळा ठेवता येतो. स्वयंपाकघरात एक आणि हॉलमध्ये दुसरा ठेवला तर कुठल्या खोलीतला बोलतोय हे नुसत्या कानावरून कळतं. "अलेक्सा, स्पीक स्लोअर" म्हटलं की वेग एक पायरी उतरतो. हाक मारायचं नाव ही आणखी वेगळी सेटिंग आहे, तिचा आवाजाशी संबंध नाही.

प्रसिद्ध माणसाचा आवाज मिळेल का, हा प्रश्न हमखास येतो. मिळत होता. अमिताभ बच्चन यांच्या आवाजाची घोषणा २०२० मध्ये झाली आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये तो अलेक्सावर आला, वर्षाला १४९ रुपयांत. २०२३ मध्ये तो बंद झाला. गूगलनेही गायक जॉन लेजंड यांचा आवाज २०१९ मध्ये आणला होता, तो वर्षभरातच गेला. त्यामुळे अशा आवाजासाठी पैसे मोजायचे तर भाड्याने घेतल्याच्या हिशेबाने मोजावेत.

यातूनच एक धोका निघतो. 'तुमच्या असिस्टंटला हव्या त्या नटाचा आवाज द्या' अशा जाहिराती करणारी अ‍ॅप्स फिरत असतात. सिरी, गूगल किंवा अलेक्साला बाहेरच्या अ‍ॅपने नवा आवाज चिकटवता येत नाही. असं अ‍ॅप 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागू लागलं तर तिथेच काढून टाका. ती परवानगी म्हणजे तुमचा स्क्रीन वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा. बँकेचं अ‍ॅप त्याच फोनवर आहे हे विसरू नका.

वेग, उंची आणि वय झालेले कान

ज्येष्ठांसाठी आवाज निवडताना माझं मत स्पष्ट आहे: गोडवा शेवटी बघा. वयानुसार ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा आधी जातात ते वरच्या पट्टीतले ध्वनी, आणि स, श, फ, त अशा व्यंजनांची ओळख त्यांच्यावरच असते. म्हणून "ऐकू येतंय, पण कळत नाही" अशी तक्रार होते. आपण व्हॉल्यूम वाढवतो. त्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं पुसटच राहतात.

अशा वेळी खालच्या पट्टीतला, सावकाश आवाज अनेकदा जास्त कळतो. अँड्रॉइडवर 'स्पीच रेट' आधी थोडा उतरवा आणि वरचं चहापुडीचं वाक्य ऐकवा. समजलं तर तिथेच थांबा. 'पिच'ला हात नंतर लावा आणि अगदी किंचित खाली आणा. जास्त उतरवली की आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमतो आणि उरलीसुरली व्यंजनंही जातात. पट्ट्या तुम्ही हलवा, पण निवाडा ज्यांना ऐकायचं आहे त्यांचा, तोही त्यांच्याच नेहमीच्या जागी, पंखा चालू असताना.

उलट टोकाला दृष्टिहीन वापरकर्ते असतात. सरावलेला माणूस स्क्रीन रीडर इतक्या वेगात ऐकतो की बाजूच्याला शब्दही लागत नाही. इतक्या वेगात नैसर्गिक, मानवी आवाज अडखळतात. म्हणून ईस्पीक एनजीसारखं यांत्रिक वाटणारं, मोफत इंजिन अनेकांना प्रिय आहे. त्यात मराठी आहे, ते अँड्रॉइडवर चालतं आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए या विंडोजवरच्या मोफत स्क्रीन रीडरसोबतच येतं. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट, कंट्रोल आणि एस दाबलं की इंजिन बदलतं. एसऐवजी व्ही दाबलं की आवाज आणि वेग. त्या आवाजाला 'रोबो' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्याच्यावर दिवसभर काम करून बघावं.

कॉम्प्युटरवर: आरोही आणि मनोहर

लांब मराठी लेख ऐकायचे असतील तर माझी पहिली पसंती मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरला. पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबा. वर पट्टी येते, तिच्यात 'व्हॉइस ऑप्शन्स'. यादीत मराठीचे दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. दोन्ही ऑनलाइन आहेत, म्हणजे इंटरनेट लागतं, पण वाक्याच्या चढउतारांची जाण त्यांना बऱ्यापैकी आहे. वेगाची पट्टी तिथेच आहे. मनोहर बातम्यांना बरा, कथा ऐकायला आरोही; हे अर्थात ज्याच्या त्याच्या कानावर. विंडोजवरची असिस्टंट कॉर्टाना शोधत असाल तर मायक्रोसॉफ्टने ती २०२३ मध्ये बंद केली.

बदलला, तरी जुनाच ऐकू येतोय

नकाशाचा आवाज असिस्टंटच्या सेटिंगला जुमानत नाही. तो गूगल मॅप्समध्येच, 'सेटिंग्ज'मधल्या 'नेव्हिगेशन'खाली 'व्हॉइस सिलेक्शन'मध्ये बदला.

आवाज मध्येच बदलत असेल, म्हणजे घरी एक आणि बाहेर दुसरा, तर चांगला आवाज फोनमध्ये उतरलेला नाही. नेट गेलं की फोन हलक्या प्रतीचा आवाज वापरतो. वाय-फायवर पुन्हा डाउनलोड करा. जागा भरत आली असेल तर डाउनलोड अर्ध्यावर थांबतं, तेही तपासा.

अपडेटनंतर आवाज मूळपदावर गेला तर आधी भाषा बघा, मग इंजिन, आणि आवाज शेवटी. आवाज हल्ली फार लहान येतो अशी तक्रार असेल तर असिस्टंट किंवा टॉकबॅक बोलत असतानाच व्हॉल्यूमचं बटण दाबा. गाण्यांचा, रिंगचा आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचा व्हॉल्यूम वेगवेगळा असतो, आणि गप्प फोनवर बटण दाबून बहुधा भलताच वाढतो.